मोबाईलचे कव्हर : टिकाऊपणा आणि नित्याची सोय

वार्षिक स्मरणिकेत बाजारभावांविषयी, करांविषयी अथवा पेढीच्या हिशेबाविषयी लेख यावेत हे योग्यच होय. परंतु मोबाईलच्या कव्हरासारख्या किरकोळ जिनसेने येथील पाने अडवावीत याचे कित्येक वाचकांस नवल वाटेल. दोन वर्षांपूर्वी आम्हांसही तसेच वाटले असते. ‘भ्रमणध्वनी’ आणि ‘संरक्षक आवरण’ हे शब्द कागदोपत्री शोभतात खरे, पण पेठेत आपण सारे ‘मोबाईल’ आणि ‘कव्हर’ असेच म्हणतो. म्हणून या लेखातही तेच शब्द योजले आहेत.

२०१६ साली यूपीआय सुरू झाले आणि २०१७ च्या जुलैत जीएसटी आला. तेव्हापासून गल्ला, खतावणी, गिऱ्हाइकांचे क्रमांक, गाडीवानांचे पत्ते आणि बँकेचे ओटीपी हे सर्व वीतभर काचेच्या मागे येऊन बसले आहे. पूर्वी दिवाणजी गावी गेले तरी वह्या पेढीवर राहत. आज मालकाच्या हातातील वस्तू निसटली की दिवाणजी, वह्या आणि तिजोरीची किल्ली ही तिन्ही एकदमच नाहीशी होतात.

आमच्यावर हा प्रसंग दीड वर्षापूर्वी सुगीच्या ऐन भरात आला. महिन्याची वीस तारीख, म्हणजे विवरणपत्र भरण्याचा शेवटचा दिवस. संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास मोबाईल काउंटरवरून शहाबादी फरशीवर पालथा पडला. उचलून पाहतो तो डिस्प्ले काळा. आत घंटी वाजत होती, पण उत्तर देता येत नव्हते. सिमकार्ड काढून धाकट्या बंधूंच्या मोबाईलमध्ये घातले, त्यामुळे ओटीपी आला आणि विवरणपत्र कसेबसे वेळेत गेले. मात्र यूपीआय नव्या यंत्रावर पुन्हा नोंदवावे लागते, त्यात रात्र झाली. त्या दिवशी एका शेतकऱ्यास गुळाची रक्कम पाठवावयाचे आम्ही तोंडी कबूल केले होते. त्यांच्या घरी दोन दिवसांवर कन्येचे लग्न होते. त्यांचा क्रमांकही त्याच काळ्या काचेमागे अडकलेला. शेवटी शेजारच्या पेढीवरून रोख रक्कम उसनी घेऊन दिवाणजींना मोटारसायकलवर त्यांच्या गावी धाडले, तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजले होते. शेतकऱ्याने एवढेच म्हटले, “अण्णा फोन उचलत नाहीत, म्हणून घरात जरा काळजी लागली होती.” हे वाक्य दिवाणजींनी येऊन सांगितले ते आम्हांस दुरुस्तीच्या बिलापेक्षा अधिक लागले.

आणि मोबाईलला कव्हर नव्हते असे नाही. चांगले जाड पाठीचे, दिसावयास दणकट, बऱ्यापैकी किमतीचे कव्हर होते. मग काच फुटली कशी, या प्रश्नापासून आमचा हा अभ्यास सुरू झाला. पुढील वर्षभर आम्ही घरातील व पेढीवरील मंडळींस निरनिराळ्या जातींची कव्हरे वापरावयास दिली, त्यांच्याकडून तक्रारी ऐकल्या, दुरुस्ती करणाऱ्या कारागिरांपाशी बसलो आणि कव्हरांचा व्यापार करणाऱ्या आपल्या बांधवांसही प्रश्न विचारले. जे समजले ते येथे मांडीत आहोत.

मोबाईल फुटतो कसा

प्रथम पडण्याचा हिशेब करू. शर्टाच्या वरच्या खिशाची उंची साधारण १२० सेंटिमीटर धरली, तर तेथून सुटलेला मोबाईल जमिनीस टेकतो तेव्हा त्याचा वेग ताशी सुमारे साडेसतरा किलोमीटर असतो. हा वेग सायकलचा आहे; त्यात भयंकर असे काही नाही. भयंकर आहे ते थांबणे. सायकल काही फूट अंतरात थांबते, मोबाईल मात्र फरशीवर एखाद्या मिलिमीटरच्या आत थांबतो. जितक्या कमी अंतरात थांबावे लागेल तितका धक्का मोठा. १२० सेंटिमीटरवरून पडलेली वस्तू एका मिलिमीटरमध्ये थांबली, तर तिजवर तिच्या वजनाच्या सरासरी १२०० पट जोर येतो. मोबाईल २०० ग्रॅमचा धरल्यास हा जोर २४० किलो वजनाएवढा, म्हणजे जवळजवळ अडीच क्विंटल झाला. तेच थांबणे तीन मिलिमीटरमध्ये घडले तर जोर ८० किलोवर येतो. एवढाच काय तो कव्हराचा सगळा व्यवहार: एकाचे तीन मिलिमीटर करून देणे.

गुळाचे व्यापारी हे पिढ्यान्‌पिढ्या जाणतात. ढेप उघड्या फरशीवर टाकली तर फुटते, गोणपाटाच्या घडीवर टाकली तर राहते. घडीमुळे ढेप बळकट होत नाही. ढेपेस थांबावयास थोडी जागा मिळते इतकेच.

यावरून एक गोष्ट उघड होते. कव्हर ‘कडक’ असणे हा गुण नव्हे. कडक वस्तू दबत नाही, म्हणून धक्का जसाच्या तसा आत पोहोचविते. कडकपणाचा उपयोग निराळा आहे: किल्ल्या, नाणी, खिशातील पेनाचे टोक यांच्या ओरखड्यांपासून पाठीचे रक्षण करणे आणि मोबाईल वाकू न देणे. धक्का सोसावयास मऊपणा हवा, आणि तोही जेथे धक्का बसतो तेथे, म्हणजे मुख्यतः चार कोपऱ्यांत. मोबाईल बहुधा कोपऱ्यावरच आपटतो आणि कोपऱ्याचा टेकणारा भाग अत्यंत लहान असतो. म्हणून सर्व जोर तेथे एकवटतो. ज्या कव्हरांच्या कोपऱ्यांत हवेची पोकळी ठेवलेली असते, त्यांचे कोपरे दाबून पाहिल्यास बोटास चांगले दबलेले जाणवतात. ही पोकळी खरी असावी. काही स्वस्त मालात तिचा नुसता आकार उठविलेला असतो व आत भरीव प्लॅस्टिकच असते.

दुसरी गोष्ट काठाची. कव्हराची कड डिस्प्लेच्या काचेहून थोडी वर आलेली असावी लागते. एक ते दीड मिलिमीटर उंचीची कड असेल, तर मोबाईल पालथा सपाट जमिनीवर पडला तरी काच जमिनीस टेकत नाही. आमचे जुने कव्हर आम्ही त्या रात्री मोबाईलसह काउंटरच्या काचेवर पालथे ठेवून पाहिले, तेव्हा सारे रहस्य उलगडले. पाठ जाड होती, पण पुढची कड वर्षभर खिशात घासून काचेच्या बरोबरीस आली होती. शिवाय आम्ही काचेवर टफन ग्लास लावली होती. तिची जाडी साधारण ०.३ मिलिमीटर असते, आणि जेवढी ती जाड तेवढी कडेची उंची कमी होते, ही साधी वजाबाकी आमच्या लक्षात आली नव्हती. म्हणजे आम्ही ज्यास दुहेरी संरक्षण समजत होतो, त्यातील एकाने दुसऱ्याचा अर्धा भाग खाल्ला होता.

वाचकांनी हा प्रयोग आजच करून पाहावा. मोबाईल कव्हरासह सपाट काचेवर पालथा ठेवावा आणि कडेखालून व्हिजिटिंग कार्ड सरकवावे. कार्ड सहज आत गेले तर ठीक. अडकले तर कव्हर केवळ शोभेपुरते उरले आहे. अर्थात रस्त्यावरील खडी किंवा दुकानाच्या पायरीवरील एखादा खडा कडेच्या उंचीहून मोठा असतो आणि तो थेट काचेवरच बसतो. अशा वेळी कोणतेही कव्हर कामास येत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

निरनिराळ्या जाती

पेठेत सर्वांत अधिक खपते ते पारदर्शक मऊ कव्हर. गिऱ्हाईक त्यास सर्रास ‘सिलिकॉन’ म्हणते, परंतु ते बहुधा सिलिकॉन नसून टीपीयू, म्हणजे पॉलियुरेथेनच्या जातीचे लवचिक प्लॅस्टिक असते. पॉलियुरेथेनचा शोध जर्मनीतील ओट्टो बायर यांनी १९३७ साली लावला. हा पदार्थ कव्हरास फार योग्य: दबतो, पुन्हा आपल्या आकारात येतो, चढवावयास व काढावयास सोपा आणि किमतीने स्वस्त. याचा एकच दोष सर्वांस ठाऊक आहे. काही महिन्यांत ते पिवळे पडते. त्यावर पुष्कळ भगिनी साबण, खाण्याचा सोडा, लिंबू असे उपाय करतात. आमच्या घरीही झाले. वरचा मळ निघतो, पिवळेपणा जात नाही. कारण हा पिवळेपणा मळाचा नसून पदार्थाच्या घडणीतील बदलाचा आहे. ऊन, उष्णता आणि हाताचा घाम यांमुळे स्वस्त प्रतीच्या टीपीयूचे रसायनच बदलते. यावर दुसऱ्या घडणीचे टीपीयू मिळते, ते पुष्कळ काळ स्वच्छ राहते, पण महाग पडते. मधला मार्ग म्हणून काही कारखानदार नव्या मालास किंचित निळसर झाक देतात. पांढऱ्या धोतरास नीळ देण्याची जी युक्ती, तीच ही. म्हणून दुकानात फारच शुभ्र आणि निळसर दिसणारे कव्हर न पिवळे पडणारेच असेल असे समजू नये.

तथापि पिवळे पडलेले कव्हर निकामी झाले असेही नव्हे. रक्षणाच्या दृष्टीने खरा शेवट ते सैल पडते तेव्हा येतो. वारंवार काढघाल केल्याने आणि उन्हाने टीपीयू ताणले जाते. मग कोपरा मोबाईलवर घट्ट बसत नाही आणि पडतेवेळी कव्हर एकीकडे, मोबाईल दुसरीकडे असा प्रकार होतो. बोटाने एक कोपरा सहज उचलला गेला की कव्हर बदलावे, मग ते कितीही स्वच्छ दिसो.

खरे सिलिकॉन रबर निराळे. ते मखमलीसारखे लागते, हातातून निसटत नाही, उन्हाने सहसा पिवळे पडत नाही. परंतु त्याची दोन खोडी आहेत. पहिली, ते धूळ व तंतू ओढून घेते. कापडाच्या दुकानात बसणाऱ्या आमच्या मावसबंधूंच्या काळ्या सिलिकॉन कव्हरावर संध्याकाळपर्यंत चार रंगांच्या साड्यांचा हिशेब लागत असे. दुसरी, ते खिशात अडकते. घाईने ओढून काढताना खिशाचे अस्तर बाहेर येते. शिवाय चार्जिंगच्या छिद्राखालची त्याची बारीक पट्टी सर्वांत प्रथम तुटते. जेथे हात तेलकट वा ओले होतात, तेथे मात्र याच्यासारखे दुसरे नाही. सौ. वहिनींनी स्वयंपाकघरात वर्षभर हेच वापरले, दर आठवड्यास साबणाने धुतले, आणि अद्याप ते बदलावयाची गरज त्यांस वाटलेली नाही.

कडक पारदर्शक कव्हर पॉलिकार्बोनेटचे असते. १९५३ साली जर्मनीत व अमेरिकेत जवळजवळ एकाच वेळी शोधलेला हा पदार्थ शिरस्त्राणांपासून गाड्यांच्या दिव्यांपर्यंत वापरला जातो. तो मोठा चिवट आहे, पण वर सांगितल्याप्रमाणे दबत नाही. आणि नुसत्या पॉलिकार्बोनेटचे पातळ कव्हर वारंवार काढघाल केल्यास कोपऱ्यात तडकते. त्याचा गुळगुळीतपणा तर त्रासदायकच. असे कव्हर घातलेला मोबाईल आम्ही हिशेबाच्या उतरत्या मेजावर ठेवला असता तो आपोआप सरकत कडेपर्यंत आला. जे कव्हर मोबाईल पाडते, त्याने तो वाचविण्याची बढाई मारू नये.

या दोहोंचा मेळ घालून केलेले जोडकव्हर, ज्याची पाठ पॉलिकार्बोनेटची आणि कड व कोपरे टीपीयूचे, ते आमच्या अनुभवात सर्वांत समाधानकारक ठरले. पाठीवर ओरखडे येत नाहीत, कोपरे दबतात, आणि पिवळेपणा आला तरी तो कडेपुरताच राहतो. घेताना दोन पदार्थांचा सांधा पाहावा. सांधा साच्यातच एकजीव केलेला असेल तर टिकतो. नुसता चिकटविलेला असेल तर उन्हाळ्यात उकलतो.

राहिले फ्लिप कव्हर. वडीलधाऱ्या मंडळींचे यावर विशेष प्रेम आहे आणि ते अकारण नाही. खिशात काच झाकलेली राहते, डायरीसारखे उघडता येते, आणि घडी घालून मेजावर उभे केले की दूरदेशीच्या नातवंडांचे मुख दोन्ही हात मोकळे ठेवून पाहता येते. तीर्थरूपांनी दुसरे काही हातात घेण्यास साफ नकार दिला. पण दुकानदारीस ते गैरसोयीचे. क्यूआर वाचावयाचा तर झाकण मागे वळवावे लागते, आणि ते वळविले की कॅमेऱ्यावर येते. आतल्या कप्प्यात मंडळी एटीएम कार्ड, नोटा, औषधाची चिठ्ठी, क्वचित किल्लीसुद्धा ठेवतात. मग झाकण मिटताच ती सर्व काचेवर दाबली जातात. झाकणाच्या लोहचुंबकाने मोबाईलमधील दिशादर्शक चुकू शकतो, आणि कार्डाच्या पाठीवरील काळ्या पट्टीसही तो हितकारक नाही. चुंबकाची पकड दुबळी असेल, तर पडताना झाकण उघडते आणि ज्या काचेसाठी एवढा खटाटोप केला तीच उघडी पडते.

‘लष्करी कसोटी’ म्हणजे काय

वेष्टनांवर हल्ली ‘मिलिटरी ग्रेड’ असे ठळक अक्षरांत छापलेले असते. या दोन शब्दांनी जितका माल खपतो तितका दुसऱ्या कशानेही खपत नसावा, म्हणून त्यांचा अर्थ नीट पाहू.

हा उल्लेख अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या ‘एमआयएल-एसटीडी-८१०’ या दस्तऐवजाचा आहे. तो प्रथम १९६२ साली निघाला आणि वेळोवेळी सुधारला गेला. ‘जी’ आवृत्ती २००८ ची, ‘एच’ आवृत्ती २०१९ ची. त्यात उष्णता, थंडी, दमटपणा, धूळ, खारी हवा, कंपने अशा वीसहून अधिक प्रकारच्या कसोट्यांच्या रीती दिल्या आहेत. कव्हराचे कारखानदार यांतून बहुधा पडण्याची एकच कसोटी उचलतात. ‘जी’ आवृत्तीप्रमाणे तिची रीत अशी: वस्तू ४८ इंचांवरून, म्हणजे १२२ सेंटिमीटरवरून, २६ वेळा पाडावयाची. सहा बाजू, बारा कडा आणि आठ कोपरे मिळून २६ होतात. येथवर ऐकून ग्राहक प्रभावित होतो. परंतु पुढचे दोन तपशील वेष्टनावर नसतात. पाडावयाची जमीन दोन इंच जाडीच्या प्लायवूडची, काँक्रीटवर बसविलेली. आपली शहाबादी वा ग्रॅनाईटची फरशी नव्हे. आणि हे २६ धक्के एकाच नगाने सोसले पाहिजेत असे नाही. ते पाच नगांपर्यंत वाटून देण्याची मुभा आहे. पाच नग घेतले तर प्रत्येकाच्या वाट्यास पाच-सहा धक्केच येतात.

शिवाय हा शिक्का कोणी सरकारी अधिकारी देत नाही. ही कसोटी घेण्याची रीत आहे, प्रमाणपत्र नव्हे. कारखानदार स्वतः किंवा एखाद्या खासगी प्रयोगशाळेकडून ती करवून घेतो आणि आपण होऊन तसे छापतो. केलीच नाही व छापले, तरी पाहणारे कोणी नाही. ज्या कंपन्या किती उंचीवरून, किती वेळा आणि कोणत्या जमिनीवर पाडले हे स्पष्ट छापतात, त्यांच्या शब्दास काही वजन द्यावे. नुसत्या ‘मिलिटरी ग्रेड’ या दोन शब्दांस आम्ही आता ‘शुद्ध तुपाची चव’ या शब्दांइतकेच महत्त्व देतो. त्यात तूप असेल किंवा नसेल. चवीची जबाबदारी कोणी घेतलेली नाही.

हे लिहिण्यास कारण घडले आहे. आमच्या वखारीवरील एका हमालाने पेठेतून असेच कव्हर घेतले. “कितीही पाडा, काही होणार नाही” असे विक्रेत्याने सांगितले आणि मोबाईल मुद्दाम पाडूनही दाखविला. पण तो दुकानातील रबरी चटईवर. चौथ्या दिवशी वखारीच्या पायरीवर डिस्प्ले फुटला. तो परत गेला तेव्हा विक्रेता म्हणाला, “कव्हर तर शाबूत आहे ना? मी गॅरंटी कव्हराची दिली, मोबाईलची नाही.” कायद्याने हे उत्तर कदाचित टिकेल. पण त्या हमालाची रोजची मजुरी त्याच मोबाईलवर जमा होत असे, आणि डिस्प्लेसाठी त्याने आमच्याकडून उचल घेतली. तो विक्रेता कोण हे सांगण्याचे प्रयोजन नाही. आपल्या सभासदांपैकी जे या धंद्यात आहेत, त्यांच्यापाशी आमची विनंती एवढीच की चटईवर पाडून दाखवू नये. त्याऐवजी मोबाईल काउंटरवर पालथा ठेवून कडेखालून कार्ड सरकवून दाखवावे. त्यास वेळ तेवढाच लागतो.

चामडे आणि त्याची नावे

आपल्या घरांतून एक प्रश्न हटकून विचारला जातो: हे कव्हर चामड्याचे तर नाही? येथे नावांचा घोळ फार आहे. ‘पीयू लेदर’ किंवा ‘व्हीगन लेदर’ म्हणून जे विकले जाते ते बहुधा कापडावर पॉलियुरेथेनचा थर दिलेले रेक्झिनच होय. त्यात प्राण्याचे काही नसते. ‘बॉन्डेड लेदर’ मात्र तसे नव्हे. चामड्याच्या कपच्यांचा भुगा करून तो पॉलियुरेथेनने बांधून ते तयार होते, म्हणजे त्यात चामडे आहेच. किंमत कमी व दिसणे रेक्झिनसारखे, म्हणून येथे फसगत होण्याचा संभव अधिक. शक्य असेल तेथे कापलेली कड पाहावी: रेक्झिनच्या कडेस विणलेल्या कापडाचे धागे दिसतात. कड दुमडून शिवलेली असेल तर विक्रेत्याकडून बिलावर पदार्थाचे नाव लिहून घ्यावे. नाव लिहावयास तो कचरला, तर आपणांस उत्तर मिळालेच.

अ‍ॅपल कंपनीने सप्टेंबर २०२३ मध्ये आपल्या सर्व वस्तूंतून चामडे काढून टाकल्याचे जाहीर केले आणि त्याऐवजी ‘फाइनवोव्हन’ नावाच्या विणलेल्या वस्त्राची कव्हरे आणली. हेतू स्तुत्य होता, पण त्या वस्त्रावर ओरखडे व डाग पडतात अशी ओरड सर्वत्र झाली आणि २०२४ च्या नव्या मॉडेलासाठी ती कव्हरे निघालीच नाहीत. चामड्यास पर्याय शोधणे सोपे, टिकाऊ पर्याय शोधणे कठीण, असे यावरून दिसते. रेक्झिनचीही तीच कथा. दमट हवेत त्याच्यावरील थराचे पाण्याच्या अंशाने विघटन होते आणि पोपडे निघू लागतात. मडगाव-पणजीकडील आपल्या नातेवाइकांची फ्लिप कव्हरे दोन पावसाळ्यांत सोलवटतात ती यामुळेच. त्यात वापरणाऱ्याचा दोष नाही.

हवा, धूळ आणि उष्णता

हवामानाचा विषय निघालाच आहे म्हणून थोडे अधिक. मोबाईलमधील लिथियम बॅटरी उष्णतेने लवकर म्हातारी होते. ३५ अंशांहून अधिक उष्ण जागी मोबाईल वापरू नये असे अ‍ॅपल कंपनी सांगते. ग्वाल्हेर अथवा हैदराबादच्या उन्हाळ्यात हे पाळणे कठीणच. तेथे जाड कव्हर म्हणजे बॅटरीस घोंगडी पांघरण्यासारखे होते. निदान चार्जिंगच्या वेळी मोबाईल गरम लागला तर कव्हर काढून ठेवावे, आणि गाडीच्या काचेखाली तर तो मुळीच ठेवू नये. आमच्या बेळगावची हवा त्या मानाने सौम्य, पण पावसाळ्यात कव्हराच्या आत पाण्याचे थेंब अडकून राहतात ही येथली तक्रार.

धान्याच्या व गुळाच्या पेढ्यांवर धूळ हा मोठा शत्रू आहे. कव्हर आणि मोबाईलची पाठ यांच्यामध्ये बारीक वाळू शिरते. वाळूतील गारगोटी काचेहून कठीण असल्याने कव्हराच्या प्रत्येक हालचालीबरोबर ती पाठ घासत राहते. पाठ सुरक्षित राहावी म्हणून वर्षभर कव्हर एकदाही न काढणारे एक सद्गृहस्थ आम्हांस माहीत आहेत. काढले तेव्हा पाठीवर पॉलिश पेपर फिरविल्यासारखे दिसत होते. आठवड्यातून एकदा, रविवारी म्हणा, कव्हर काढून दोन्ही बाजू कोरड्या मऊ फडक्याने पुसाव्यात. याहून अधिक निगा लागत नाही.

जे बिनतारी चार्जर वापरतात त्यांनी फार जाड कव्हर घेऊ नये, व गाडीतील स्टँडसाठी कव्हरात लोखंडी चकती तर मुळीच ठेवू नये. तिने चार्जिंग अडते आणि चकतीच तापते. पाठीवरच्या अंगठीचाही तोच अडथळा. पण शिडीवर चढून वरच्या फडताळातील ठाण काढणाऱ्या कापड-दुकानातील पोरांस गळ्यात दोरी अडकविण्याचे कव्हर फार उपयोगी पडते असे मावसबंधू सांगतात. कोणत्याही कोपऱ्याच्या पोकळीपेक्षा ती दोरी बरी. तीन मिलिमीटरचा हिशेब करण्याची वेळच येत नाही.

विक्रेत्या बांधवांसाठी दोन शब्द

या धंद्यातील आपल्या सभासदांनी आम्हांस जे सांगितले त्यात नफ्यापेक्षा पडीक मालाचेच दुःख अधिक होते. कापडाचे ठाण कोणाच्याही अंगास होते. कव्हर एकाच मॉडेलास होते. कॅमेऱ्याची जागा दोन मिलिमीटर सरकली किंवा एक बटण वाढले, की जुना माल कपाटात राहतो. म्हणून मुंबईच्या ठोक बाजारातून शेकड्याने एकच मॉडेल आणण्यापेक्षा, आपल्या गावात कोणती मॉडेल्स खरोखर हातांत आहेत याची नोंद ठेवून थोडे थोडे नग आणावेत, असे त्यांच्यातील जुनेजाणते सांगतात. एक वर्षापूर्वी खपलेल्या मॉडेलांची कव्हरे मुळीच संपवू नयेत, कारण कव्हर मोबाईलच्या आधी झिजते आणि तेच गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येते. त्या वेळी जुन्या मॉडेलचे कव्हर फक्त आपल्याकडे असेल, तर भावाची घासाघीस होत नाही. हा मुद्दा आम्हांस मोठा मार्मिक वाटला.

आमच्या मोबाईलवर सध्या जोडकव्हर आहे. घेतल्याची तारीख आतल्या बाजूस शाईने लिहून ठेवली आहे. अकरा महिने झाले. या अवधीत ते आमच्या हातून तीनदा पडले, त्यांपैकी एकदा त्याच शहाबादी फरशीवर, आणि काच शाबूत आहे. कार्ड अद्याप कडेखालून जाते, पण वरचा उजवा कोपरा गेल्या पंधरवड्यापासून बोटाने उचलला जाऊ लागला आहे. या मॉडेलचे गणपत गल्लीत दोनच नग शिल्लक आहेत असे कळले, त्यांतील एक राखून ठेवावयास सांगितले आहे. शेतकरी बांधवांचे क्रमांक मात्र आता दिवाणजींनी पुन्हा कागदाच्या वहीत उतरवून गल्ल्यात ठेवले आहेत.